फॅनी हेन्झेल यांचे ‘दास यार’ ध्वनिमुद्रित करताना

फॅनी हेन्झेल यांनी 1841 मध्ये बर्लिनमध्ये रचलेली ‘दास यार’, म्हणजे ‘वर्ष’, ही पियानोमालिका बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि एक उपसंहार अशी तेरा भागांची आहे. पूर्ण वाजवायला सुमारे पन्नास मिनिटे लागतात. तिच्यामागे 1839-40 चा इटलीचा प्रवास आहे आणि रोममध्ये काढलेला हिवाळा व वसंत आहे. फॅनी या फेलिक्स मेंडेल्सझोन यांच्या थोरल्या भगिनी होत्या. त्यांच्या हयातीत ही मालिका पूर्णपणे छापली गेली नाही. कासेलच्या फुरोरे प्रकाशनाने 1989 मध्ये तिची पहिली छापील आवृत्ती काढली, तोपर्यंत रचनेला जवळजवळ दीड शतक होत आले होते. रंगमंचावर ती आजही क्वचितच पूर्ण ऐकायला मिळते. शोपेनच्या बालाडचे, म्हणजे एका सुप्रसिद्ध पियानोरचनेचे, ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याच्या कानात आधीची वीस ध्वनिमुद्रणे असतात, त्यामुळे वादकाने घेतलेली सूट त्याला सूट म्हणून ओळखता येते. ‘दास यार’च्या बाबतीत बहुतेक श्रोत्यांच्या कानात काहीच नसते आणि तुम्ही जे वाजवाल तेच त्यांना मूळ वाटते. पुढचे सारे मार्गदर्शन या एका जबाबदारीभोवती फिरते, आणि म्हणूनच त्यात माइकच्या आधी हस्तलिखितांचा विचार येतो.

आधी पाठ ठरवा

या मालिकेच्या दोन हस्तलिखित प्रती आपल्याला ठाऊक आहेत. एक रचनेच्या काळातली कामाची प्रत आणि दुसरी सजवलेली स्वच्छ प्रत. स्वच्छ प्रतीत महिन्यामहिन्याला कागदाचा रंग बदलतो, प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर एखाद्या कवीच्या ओळी आहेत आणि फॅनी यांचे पती, चित्रकार विल्हेल्म हेन्झेल यांनी काढलेली लहान चित्रे आहेत. 1989 ची आवृत्ती कामाच्या प्रतीवर आधारलेली होती. स्वच्छ प्रतीची रंगीत प्रतिकृती फुरोरेनेच 2000 मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही प्रती सारख्या नाहीत. किरकोळ फरक अनेक ठिकाणी आहेत, पण जूनचा प्रश्न वेगळा आहे, कारण स्वच्छ प्रतीत त्या महिन्याला दुसराच तुकडा येतो. तेव्हा कोणता जून वाजवायचा हे सरावाच्या पहिल्या आठवड्यातच ठरवावे आणि त्यामागचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे अल्बमची टिपणी लिहिताना ते हाताशी राहते.

माझे मत असे की मुख्य क्रम स्वच्छ प्रतीप्रमाणे ठेवावा, कारण संगीतकाराने विचारपूर्वक नकलून चित्रांसह पूर्ण केलेली तीच प्रत आहे. जुना जून सोडवत नसेल तर तो उपसंहारानंतर परिशिष्ट म्हणून वेगळ्या ट्रॅकवर द्यावा. मधल्या जागी दोन्ही जून एकापाठोपाठ ठेवू नयेत, कारण त्याने मालिकेचा मधला भाग जड होतो आणि जुलै येण्याआधीच श्रोता थकतो. सप्टेंबरच्या बाबतीत आणखी एक साक्ष उपलब्ध आहे. आयुष्याच्या अखेरीस फॅनी यांनी स्वतःच्या रचना स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली, तेव्हा हा तुकडा त्यांनी ओपस 2 मधील दुसऱ्या क्रमांकावर घेतला. तो छापील पाठ शेजारी ठेवून प्रत्येक बार, म्हणजे तालाचा प्रत्येक विभाग, ताडून पाहावा. एका प्रतीतली खूण आवडली म्हणून उचलायची आणि पुढच्या ओळीत दुसऱ्या प्रतीतली, अशी भेसळ मात्र टाळावी. एखाद्या ठिकाणी ती अपरिहार्यच वाटली, तर तिची नोंद टिपणीत द्यावी.

पाठ ठरल्यावर माथ्यावरच्या काव्यपंक्ती नीट वाचाव्यात. त्या शोभेसाठी नाहीत. मार्चच्या ओळी जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातल्या आहेत आणि ईस्टरच्या घंटा वाजू लागल्या काय, असे त्या विचारतात. तुकड्यातही ‘क्रिस्ट इस्ट एर्श्टांडेन’ या ईस्टरच्या जुन्या स्तोत्राची चाल येते आणि तिच्यावर रूपे उभी राहतात. फेब्रुवारीच्या ओळीही गटेच्याच आहेत, आणि जर्मन सरहद्दीतल्या मृत्युनृत्यांची अपेक्षा ठेवू नका, आनंदाचा उत्सव तुमची वाट पाहतो आहे, अशा अर्थाच्या आहेत, म्हणजे हा रोमचा कार्निव्हल आहे. जुलैला शिलरची तहानलेली शेते, ऑगस्टला शिलरचाच कापणीनंतरच्या पेंढ्यांवरचा रंगीत हार, सप्टेंबरला वाहत्या नदीला उद्देशून गटेची ओळ, ऑक्टोबरला आयशेनडॉर्फचे हिरवे रान, नोव्हेंबरला टीकची हिवाळी सळसळ करणारी झाडे. या ओळींचा अर्थ समजल्यावाचून वेग ठरवू नये. सप्टेंबरमधली सोळांश स्वरांची न थांबणारी धाव बोटांच्या सफाईचा व्यायाम म्हणून वाजवली की तिच्याखाली चाललेले गाणे बुडते, आणि गटेच्या त्या ओळीचा सूर ‘आता मला कधी आनंद होणार नाही’ असा आहे हे विसरले जाते.

इतरांची ध्वनिमुद्रणे हे सगळे निर्णय झाल्यानंतरच ऐकावीत. लियाना शेर्बेस्कू यांनी पहिल्या छापील आवृत्तीच्या संपादनातही भाग घेतला होता, त्यामुळे त्यांचे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. सारा रोथेनबर्ग आणि लाउमा श्क्रिडे यांनी आधुनिक पियानोवर, तर एल्स बीसेमान्स यांनी फोर्टेपियानोवर, म्हणजे जुन्या घडणीच्या पियानोवर, केलेली ध्वनिमुद्रणेही ऐकण्यासारखी आहेत. ती ऐकताना प्रत्येकाने कोणता पाठ घेतला एवढेच आधी टिपावे, आणि त्यांच्या वेगांची यादी करू नये. नाहीतर आपला वेग नकळत त्यांच्या सरासरीकडे सरकतो.

वाद्य आणि पेडल

1840 च्या सुमाराचे पियानो आजच्या कॉन्सर्ट ग्रँडपेक्षा हलके होते. खर्जाच्या तारा कमी जाड असत आणि स्वर लवकर विरत असे, त्यामुळे लांबवर धरलेल्या पेडलमधूनही स्वर वेगळे ऐकू येत. त्या काळातले वाद्य किंवा त्याची चांगली प्रतिकृती मिळत असेल आणि ते सांभाळणारा तंत्रज्ञ सोबत असेल तर प्रश्नच नाही. ते नसेल तर आधुनिक पियानो घेताना फार मोठा, फार चकचकीत आवाजाचा नसलेला निवडावा आणि मार्चच्या घंटांच्या भागात पूर्ण पेडलऐवजी अर्धे पेडल वापरावे, म्हणजे पाय पूर्ण न उचलता तारांना क्षणभर स्पर्श होऊ द्यावा. घंटा गुंजल्या पाहिजेत, पण स्तोत्राची चाल वाहून जाता कामा नये. हे संतुलन सरावाच्या खोलीत जमले तरी मोठ्या सभागृहात बिघडते, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या जागेत निदान एक संध्याकाळ केवळ पेडलच्या चाचणीसाठी ठेवावी.

पियानोला सभागृहात आल्यावर निदान एक दिवस स्थिरावू द्यावे. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास आणि तापमान साधारण 21 अंश सेल्सिअस राहिले तर सूर टिकतात. मुंबई, पुणे किंवा गोव्यात पावसाळ्यात हे पाळणे अवघड असते. एसी चालू ठेवला की त्याची घरघर मुद्रणात येते, आणि बंद केला की अर्ध्या तासात हवा दमट होऊन सूर हलू लागतात. त्यावर एकच व्यवहार्य उपाय आहे. टेक, म्हणजे एका दमात केलेले मुद्रण, सुरू होण्याआधी सभागृह आणि पियानो दोन्ही पुरेसे थंड व कोरडे करून घ्यायचे, एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटांचा एक गट वाजवायचा आणि पुन्हा यंत्रणा सुरू करून विश्रांती घ्यायची. शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिनेच निवडावेत. गोव्यात एखादे चॅपेल मिळत असेल तर त्याची गुंज मार्चला साजेशी असते, पण तिथल्या प्रार्थनेच्या आणि घंटांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, कारण घंटा रचनेत आहेत तेवढ्या पुरे आहेत.

ट्यूनर सत्राच्या पूर्ण काळ हजर असावा. सुरुवातीला एकदा सूर लावून तो निघून गेला, तर दुपारच्या टेकमधले एखादे मोठे कॉर्ड सकाळच्या टेकला जोडता येत नाही. स्वरमान 440 हर्ट्‌झ असो वा 442, एकदा ठरले की शेवटच्या दिवसापर्यंत बदलू नये. स्टूल, पेडलची दांडी आणि मऊ पेडल यांची करकर आधीच तपासून घ्यावी. मऊ पेडलची करकर मोठ्या आवाजात कळत नाही, पण जुलैसारख्या संथ तुकड्यात ती प्रत्येक वेळी उघडी पडते. सुरांची पाने उलटण्याचा आवाज टाळण्यासाठी टॅबलेट आणि पायाने चालणारा स्विच वापरणे सोयीचे, मात्र त्या स्विचचाही टक असा आवाज येत नाही ना, हे पाहावे.

माइक

इथे लांबण लावण्याचे कारण नाही. पियानोसाठी दोन सर्वदिशीय माइकची जोडी, एकमेकांपासून सुमारे 40 ते 60 सेंटिमीटर अंतरावर, पियानोच्या उघड्या झाकणाच्या बाजूने दीड ते अडीच मीटर दूर आणि वाजवणाऱ्याच्या डोक्याहून थोड्या उंचीवर ठेवून सुरुवात करावी. सभागृहाची गुंज जास्त असेल तर एकदिशीय माइकची जोडी, 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन या प्रचलित मांडणीने वापरावी. तिच्यात वाद्य जवळचे वाटते आणि भिंती मागे सरतात. मुद्रण 24 बिट आणि 96 किलोहर्ट्‌झवर करावे. सर्वांत मोठ्या आवाजातही पातळी शून्याखाली 6 ते 10 डेसिबल राहील अशी ठेवावी आणि एकदा लावलेली पातळी पुढे हलवू नये.

चाचणीसाठी फक्त मार्च आणि डिसेंबर वाजवून पाहावेत. मार्च खर्जाची आणि पेडलची परीक्षा घेतो. डिसेंबरची वेगवान सुरुवात आणि तिच्यानंतर येणारी ‘फोम हिमेल होख’ या नाताळच्या स्तोत्राची शांत चाल यांच्यात आवाजाचा पल्ला कळतो. या दोन्हींत जागा आणि माइक पटले की उरलेल्या महिन्यांची काळजी नसते.

महिने कोणत्या क्रमाने मुद्रित करावेत

पूर्ण मालिकेसाठी तीन दिवस ठेवावेत. दोन दिवसांत होते, पण मग तिसरा दिवस हाती असता तर काय केले असते, याची यादी घेऊन घरी जावे लागते. पहिल्या दिवशी संध्याकाळी, सभागृहाची सवय झाल्यावर, जानेवारीपासून उपसंहारापर्यंत सगळे एका बैठकीत, चुकांकडे दुर्लक्ष करून वाजवावे आणि तेही मुद्रित करावे. अंतिम अल्बममध्ये त्यातले थोडेच वापरले जाईल, पण वर्षाची चाल, म्हणजे कुठे थकवा येतो, कुठे वेग नकळत वाढतो आणि कुठल्या महिन्यानंतर किती शांतता हवीशी वाटते, हे या एकाच टेकमध्ये कळते. पुढे जोडणी करताना हाच टेक मापदंड ठरतो.

याच कारणाने मी ही मालिका पियानोच्या दुसऱ्या प्रसिद्ध बारमाहीपेक्षा, चायकॉव्स्कीच्या ‘ऋतू’ या 1876 मध्ये एका मासिकातून महिन्यामहिन्याने आलेल्या मालिकेपेक्षा, ध्वनिमुद्रणाला अधिक अवघड मानतो. तिथे प्रत्येक तुकडा सुटा उभा राहू शकतो. इथे जानेवारी हे स्वप्न आहे आणि पुढच्या महिन्यांतल्या कल्पना त्यात चाहूल देऊन जातात. म्हणजे जानेवारीत जी चाल पुसट ऐकवायची, ती पुढे स्पष्ट आल्यावर श्रोत्याने ओळखली पाहिजे. म्हणून त्या त्या महिन्यांचे अंतिम टेक पक्के झाल्यावरच जानेवारी मुद्रित करावा, आणि त्या चालींचा वेग व स्पर्श कानात ताजा असताना करावा. वर्षाची सुरुवात मुद्रणात जवळजवळ शेवटी करणे चमत्कारिक वाटते, परंतु स्वप्न पाहण्यासाठी आधी वर्ष माहीत असावे लागते.

उरलेल्या महिन्यांचा क्रम पियानोच्या सोयीने लावावा. सूर लावल्यानंतरचा पहिला तास जुलै, जून आणि नोव्हेंबरची संथ सुरुवात अशा मृदू भागांसाठी ठेवावा, कारण किंचित हललेली तार मृदू स्वरातच कानाला खुपते. फेब्रुवारीचा धांदलीचा स्केर्झो (खेळकर, वेगवान तुकडा), ऑक्टोबरमधली शिकारी शिंगे आणि नोव्हेंबरचा क्षुब्ध उत्तरार्ध सत्राच्या शेवटी घ्यावा, म्हणजे त्यांच्या माराने सूर उतरले तरी लगेच विश्रांती आणि ट्यूनिंग करता येते. नोव्हेंबरचे दोन भाग वेगळ्या सत्रांत घेतल्यास संथ भागातून क्षुब्ध भागात जाण्याची जागा मात्र एका टेकमध्ये, दोन्हीकडचे निदान आठ-दहा बार धरून, वाजवावी. जिथे एक तुकडा पूर्ण विराम न घेता दुसऱ्याकडे जातो, तिथेही हेच करावे. जानेवारीचा शेवट असाच अधांतरी आहे आणि फेब्रुवारी त्यातून उसळतो. पेडलमध्ये विरणारा स्वर आणि पुढच्या स्वराचा आघात यांचे मिश्रण संगणकावर कृत्रिमपणे तयार करता येते असे सांगणारे असतात, पण ते ऐकू येते.

प्रत्येक महिन्याचे दोन पूर्ण टेक घ्यावेत आणि मग अडचणीच्या जागा. अडचणीची जागा वाजवताना तिच्या आधीच्या चार-सहा बारांपासून सुरुवात करावी आणि पुढेही तेवढेच जावे, नाहीतर जोडाला जागा मिळत नाही. शेजारच्या खोलीत निर्मात्याने सुरांची प्रत घेऊन बसावे आणि बार क्रमांकासह टेकची नोंद करावी. हा निर्माता साउंड इंजिनिअर नसावा, तर शक्यतो पियानो वाजवणारा असावा. अप्रचलित रचनेत चुकीचा स्वर आणि हस्तलिखितातला विचित्र पण खरा स्वर यांतला फरक ज्याला प्रत पाहून कळतो, असाच माणूस तिथे उपयोगी पडतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या चांगल्या टेकनंतर मेट्रोनोमने वेग मोजून प्रतीवर लिहावा. दुसऱ्या दिवशी ताजेपणामुळे वेग हटकून वाढतो. दिवसअखेरीस सभागृहाची रिकामी शांतता मिनिटभर मुद्रित करून ठेवावी, महिन्यांमधल्या विरामांत ती लागते.

जोडणी

जोड शक्यतो स्वराच्या आघातावर घालावा, विरणाऱ्या स्वरात नव्हे. एका महिन्यात फार जोड पडू लागले तर तो महिना पुन्हा वाजवायला हवा होता हे मान्य करून उरलेल्या वेळेत पुन्हा मुद्रित करावा. विराम सगळीकडे सारखे ठेवू नयेत. संगणकावर सगळीकडे चार सेकंदांची शांतता टाकणे सोपे असते, परंतु मार्चनंतरची शांतता आणि एप्रिलनंतरची शांतता एकच नाही. त्यासाठी पहिल्या दिवसाच्या अखंड टेकमधले विराम मोजावेत. डिसेंबरनंतरचा विराम लांब असावा. उपसंहारात ‘दास आल्टे यार फेरगांगेन इस्ट’ हे, जुने वर्ष सरले अशा अर्थाचे, स्तोत्र येते. याच चालीवर बाखचे ऑर्गनसाठीचे एक कोराल-पूर्ववादन, म्हणजे स्तोत्राच्या चालीवर रचलेला तुकडा, आहे आणि फॅनी यांना बाखची जाण लहानपणापासून होती. नाताळचा जल्लोष संपून तो गंभीर सूर यायला कानाला अवकाश लागतो.

प्रकाशन

संगीतकाराचे निधन 1847 मध्ये झाले, पण मालिका पहिल्यांदा 1989 मध्ये छापली गेली, त्यामुळे मूळ रचनेवर अजून कोणाचा हक्क आहे का हे ज्या देशांत प्रकाशन करायचे तिथे तपासून घ्यावे. आधुनिक आवृत्तीतल्या प्रस्तावना, बोटांच्या खुणा आणि संपादकीय टिपा मात्र इतरांच्या आहेत, त्या उचलून अल्बमच्या पुस्तिकेत छापू नयेत. प्रतिकृतीतली चित्रे आवरणावर वापरायची असतील तर हस्तलिखित सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणि प्रकाशकाकडे लेखी परवानगी मागावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे जातो आणि प्रकाशनापासून 60 वर्षे टिकतो. तेव्हा सभागृहाचे भाडे आणि इंजिनिअरचे मानधन तुम्ही दिले असले तरी कायद्याच्या अर्थाने निर्माता कोण हे लेखी कराराने आधीच स्पष्ट करावे. प्रत्येक ट्रॅकला लागणारा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेमार्फत मिळतो.

सर्वांत जास्त गोंधळ नावाचा होतो. संगीतकाराचे नाव फॅनी हेन्झेल, फॅनी मेंडेल्सझोन आणि दोन्हींची जोडणी अशा निरनिराळ्या प्रकारे नोंदले जाते, आणि ऑनलाइन संगीतमंचांवर एकच मालिका तीन ठिकाणी विखुरते. वितरकाकडे माहिती भरताना एकच रूप निवडावे, मालिकेच्या शीर्षकासोबत फॅनी यांच्या रचनांच्या हेल्विग-उनरू सूचीतला 385 हा क्रमांक द्यावा, महिन्याचे नाव मूळ जर्मनमध्ये आणि क्रमांकासह लिहावे आणि कोणत्या हस्तलिखितातला जून वाजवला आहे हे ट्रॅकच्या शीर्षकातच टाकावे. पुस्तिका वाचणारे थोडे असतात. वितरकाला ट्रॅकमध्ये खंड न पडण्याची सोय चालू ठेवायला सांगावे, आणि प्रकाशनाच्या आदल्या दिवशी फोनवर, साध्या इअरफोनवर, जानेवारीकडून फेब्रुवारीकडे जाणारी जागा स्वतः एकदा ऐकून पाहावी.